ख्मेर मासळी बाजारात कसे जावे: बडोद्याहून कंबोडियाला निघणाऱ्यांसाठी

अंगकोरची देवळे पाहून परतलेल्या बडोदेकरांना कंबोडियातल्या बाजाराविषयी विचारले, तर बहुतेकांना दिव्यांच्या माळांचा, रेशमी ओढण्यांचा आणि लाकडी हत्तींचा रात्रीचा बाजार आठवतो. आपल्या हॉटेलपासून दोन-तीन किलोमीटरवर रोज पहाटे मासळीचा मोठा बाजार भरत होता, हे त्यांच्या गावीही नसते. आम्ही दांडिया बाजारातले कायस्थ प्रभू. मासळीवाचून आमचा रविवार जात नाही, तरीही बडोद्यात मासळी घरी आणणे हे थोडे आडपडद्याने, पिशवीत पिशवी घालून आणि जिन्यात कोणी भेटणार नाही अशी वेळ साधून करायचे काम आहे. त्यामुळे अंगकोरजवळच्या सिएम रीप या गावी पहिल्यांदा गेले, तेव्हा शेकडो बायका उघड्यावर, मोठ्याने, हसतखेळत मासळी विकताना पाहून मला आधी हेवा वाटला आणि नंतर लक्षात आले की त्या बाजारात कसे वावरायचे हे मला मुळीच कळत नाही. दोन सहलींत जे शिकले ते इथे लिहीत आहे.

माझा एकच आग्रह आहे: हातात पिशवी आणि मनात जिन्नस ठरवून जावे. नुसते बघायला गेलेला माणूस अरुंद वाटेत मध्येच थांबतो, मागून बर्फ घेऊन येणाऱ्याला अडवतो, फोटो काढतो आणि काहीही न घेता निघून जातो. विकणारीच्या दृष्टीने तो कामातला अडथळा असतो. ज्याला पाव किलो कोलंबी किंवा एखादा मासा घ्यायचा आहे, त्याला मात्र जागा, भाव आणि बहुतेक वेळा हसूही मिळते. घेतलेली मासळी शिजवणार कोण, हा प्रश्न म्हणूनच आदल्या दिवशीच सोडवून ठेवावा. घरगुती पद्धतीच्या पाहुणेघरांत मालकिणीला विचारले तर ती बहुधा चूल वापरू देते किंवा स्वतः रांधून देते. सिएम रीपमध्ये स्वयंपाकाचे वर्गही आहेत आणि त्यांतल्या अनेकांची सुरुवात बाजारातल्या फेरीने होते. एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल, तर पहिल्या वेळी तो मार्ग उत्तम.

बाजाराला ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, भाषेत ‘फ्सार’ म्हणतात. आपला ‘बाजार’ आणि त्यांचा ‘फ्सार’ हे दोन्ही शब्द एकाच फारसी मुळातून आलेले आहेत, हे कळल्यावर दांडिया बाजारात राहणाऱ्या मला उगाचच आपलेपणा वाटला. सिएम रीपमध्ये दोन नावे लक्षात ठेवावीत. गावाच्या मध्यभागी, नदीजवळ असलेला फ्सार चास म्हणजे जुना बाजार. त्याच्या बाहेरच्या कडेला पर्यटकांच्या वस्तू मिळतात आणि आत शिरले की मासळी, मांस आणि भाजी लागते. गावाच्या पूर्वेला राष्ट्रीय मार्ग क्रमांक ६ वर असलेला फ्सार लेउ हा स्थानिक लोकांचा मोठा बाजार आहे. चालत जाण्याजोगा म्हणून पहिल्या दिवशी फ्सार चास बरा, पण खरी उलाढाल पाहायची आणि करायची असेल तर टुकटुक करून फ्सार लेउला जावे. राजधानी नोम पेन्हमध्ये राहणार असाल, तर फ्सार थ्मेई, म्हणजे नवा बाजार, पाहण्यासारखा आहे. १९३७ साली पूर्ण झालेली त्याची पिवळी घुमटाकार इमारत पाहताना आपल्या १९०६ सालच्या खंडेराव मार्केटची आठवण होते. फरक इतकाच, की खंडेराव मार्केटच्या मुख्य इमारतीत आज महापालिकेची कचेरी आहे, आणि फ्सार थ्मेईच्या घुमटाखाली आजही दुकाने भरलेली असतात.

कोणत्या महिन्यात जावे, हे मात्र जवळचे तोनले साप सरोवर ठरवते. विश्वामित्रीचे पाणी घरात शिरणे म्हणजे काय, हे बडोदेकराला सांगावे लागत नाही. पण ज्या पुराची माणसे वाट पाहतात असा पूर आपण पाहिलेला नसतो. तोनले साप हे सरोवर त्याच नावाच्या नदीने मेकाँग या मोठ्या नदीला जोडलेले आहे. पावसाळ्यात मेकाँग इतकी फुगते की ही जोडनदी उलटी वाहू लागते आणि पाणी सरोवरात चढते. कोरड्या दिवसांत सुमारे २,५०० चौरस किलोमीटर असलेले सरोवर चांगल्या वर्षी १५,००० चौरस किलोमीटरपर्यंत पसरते. किनाऱ्यालगतचे रान पाण्याखाली जाते, आणि त्या बुडालेल्या झाडांच्या आसऱ्याने माशांची पिल्ले वाढतात. पावसाळा सरला की प्रवाह पुन्हा दक्षिणेकडे वळतो, मासे त्याच्याबरोबर नदीत उतरतात आणि हंगाम सुरू होतो. या वळणाचा उत्सव, ‘बोन ओम तूक’, त्यांच्या ‘कदक’ महिन्याच्या पौर्णिमेला असतो. कदक म्हणजे आपला कार्तिक. आपल्याकडे त्रिपुर पाजळतात, त्या सुमारास तिकडे नावांच्या शर्यती चाललेल्या असतात. जून ते सप्टेंबर या काळात सरोवराच्या परिसरात मोठ्या जाळ्यांना बंदी असते आणि घरगुती गरजेपुरतीच मासेमारी चालते, म्हणून तेव्हा बाजारात तळ्यांत पाळलेली मासळी जास्त दिसते. नदीतली मासळी पाहायची असेल तर डिसेंबर आणि जानेवारी हे महिने सर्वांत चांगले. त्यातही पौर्णिमेच्या आधीचे चार-सहा दिवस, कारण लहान माशांचे थवे त्याच सुमारास मोठ्या संख्येने खाली उतरतात.

वेळ पहाटेची. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असल्याने पाचला उठणे म्हणजे शरीराच्या हिशेबाने साडेतीनला उठणे होय. हा त्रास पहिल्याच दिवशी ओढवून घेऊ नये, तिसऱ्या दिवशी जावे. साडेपाच ते साडेसात हा काळ सर्वांत चांगला. त्याच्या आधी घाऊक व्यवहार चालतात आणि त्यांत आपले काम नसते. आठनंतर ऊन, माश्या आणि वास तिन्ही वाढतात. सकाळच्या बाजाराची ही चाल तिथे फार जुनी आहे. झोउ दागुआन हा चिनी दूत १२९६-९७ मध्ये अंगकोरला राहून गेला. तिथला बाजार सकाळी सहाला भरून दुपारी उठतो, माल जमिनीवर चटया अंथरून मांडतात आणि व्यापार बायकांच्या हाती असतो, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. चटयांच्या जागी आता फरशीचे ओटे आणि ॲल्युमिनियमच्या पराती आल्या आहेत. बाकीचे वर्णन आजही बरेचसे लागू पडते.

पायात चामड्याची चप्पल घालू नये. मागे पट्टा असलेले रबरी सँडल घालावेत. जमीन सतत ओली असते, तिच्यावर खवले आणि बर्फाचे पाणी पसरलेले असते, आणि बिनपट्ट्याची चप्पल चालताना तेच पाणी पोटऱ्यांवर उडवते. पायघोळ सलवार किंवा जमिनीला टेकणारी ओढणी टाळावी. पाठीवरची पिशवी पोटाकडे घ्यावी, कारण त्या वाटांतून स्कूटरसुद्धा जातात आणि मागे फुगलेली पिशवी कशात अडकेल ते सांगता येत नाही. डॉलर तिथे सर्रास चालतो, पण डागाळलेली किंवा किंचित फाटलेली नोट कोणी घेत नाही, आणि मासळीच्या बाजारात मोठी नोट काढणे म्हणजे विकणारीला सुट्ट्यांसाठी चार ओट्यांवर पाठवणे होय. आदल्या दिवशीच थोडे रीएल, म्हणजे तिथले चलन, करून घ्यावेत. साधारण ४,००० रीएलना एक डॉलर, हा हिशेब मनात ठेवला की पुरे. नाणी वापरात नाहीत. ५००, १,००० आणि ५,००० च्या नोटा सुट्या खिशात ठेवाव्यात.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटे काही घेऊ नये. एका बाजूला उभे राहून नजर सरावू द्यावी. फ्सार लेउमध्ये मी ज्या ओट्यापाशी थांबले, तिथली बाई फुलाफुलांचा, वर-खाली एकाच कापडाचा पायजमा-सदरा घालून मालाच्या मधोमध मांडी घालून बसली होती. डोक्याला चौकड्यांचा ‘क्रामा’, म्हणजे त्यांचा गमछा, गुंडाळलेला होता. तिच्या गुडघ्याला लागून तीन पराती होत्या आणि तिन्हींत बोटभर पाण्यात मासे वळवळत होते. एकाने उसळी मारून वाटेवर उडी घेतली. तिने बोलणे न थांबवता हात लांब करून त्याला गळ्याशी धरले, पुन्हा परातीत टाकले आणि वर एक टोपली पालथी घातली. मग गिऱ्हाइकाने बोट दाखवलेला मासा उचलला, लाकडी दांडक्याचा एक फटका डोक्यावर, सुरीच्या पाठीने चार ओढीत खवले साफ, पोटाला एक चीर, आणि सारे मिळून एक मिनिटही लागले नसेल. ज्यांना हे पाहवत नाही त्यांनी मासळीच्या ओळीत न येता भाजीच्या बाजूने फिरावे. त्यात कमीपणा काही नाही. माझे पती देशस्थ, जन्माचे शाकाहारी. ते दोन्ही वेळा कमळाच्या कळ्या विकणाऱ्या बाईपाशी थांबले आणि तिने दुमडून दाखवलेल्या पाकळ्या पाहत बसले.

बोलताना नात्याने हाक मारावी. आपण कोळणीला मावशी म्हणतो, अगदी तशीच त्यांचीही रीत आहे. आपल्याहून थोड्या मोठ्या बाईला किंवा पुरुषाला ‘बोंग’, आईच्या वयाच्या आसपासच्या बाईला ‘मिंग’, त्याहून वडील माणसाला ‘ओम’ आणि आजीला ‘यिएय’ म्हणतात. ‘थ्लाय पोन्मान?’ म्हणजे केवढ्याला, आणि ‘ऑकुन’ म्हणजे आभारी आहे. आकडे शिकायला सोपे आहेत, कारण ते पाचांवर बांधलेले आहेत: मुओय, पी, बेय, बुओन, प्राम म्हणजे एक ते पाच, आणि सहा म्हणजे प्राम-मुओय, पाच-एक. हजाराला ‘पोआन’ म्हणतात. उच्चार चुकला तर त्या हसतील आणि हातातला गणक पुढे करतील, तेही चालते. मासळीत घासाघीस फारशी करू नये. कपड्यांच्या ओळीत ‘शेवटचा भाव बोला’ ही आपली बडोद्याची सवय जरूर चालवावी, पण किलोच्या मासळीत कमी करायला फारसे नसते, आणि आवाज चढवला तर तिथे दोन्हीकडची लाज जाते. कोणाच्या, अगदी लहान मुलाच्याही, डोक्याला हात लावू नये.

आता काय घ्यावे. पापलेट, सुरमई, बोंबील शोधायला गेलात तर निराशा होईल. सिएम रीपचा बाजार गोड्या पाण्याचा आहे, आणि तिथवर येणारी समुद्राची मासळी बर्फात प्रवास करून येते. ‘त्रेय’ म्हणजे मासा. ‘त्रेय रॉस’ म्हणजे आपला मरळ, आणि ‘त्रेय आंदेंग’ म्हणजे मांगूर. हे दोन्ही मासे हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणूनच बोटभर पाण्यात तासन्‌तास जिवंत राहतात. बाजारात याच दोघांची गर्दी का असते, त्याचे एक कारण हेही आहे. ‘त्रेय प्रा’ हा पंगासच्या कुळातला मासा आहे. आपल्या हॉटेलांत बासा म्हणून येतो त्याचा भाऊबंद. पहिल्यांदा घेणाऱ्याने मरळ घ्यावा. काटे कमी, मांस घट्ट, आणि केळीच्या पानाच्या द्रोणात नारळाच्या दुधात वाफवलेला ‘आमोक’ त्याचा फार चांगला होतो. जिवंत मासळीत पारख करण्यासारखे थोडेच असते. ताटात मांडलेल्या मासळीला मात्र आपलेच नियम लावावेत: डोळा वर आलेला आणि निर्मळ, कल्ले लाल, आणि बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून येणारा. कासवे आणि पाण्यातले सापही विकायला दिसतात. ते घेऊ नयेत आणि त्यांचा फोटो काढण्यासाठी गर्दीही करू नये.

मांगूर मात्र जिवंत घेऊ नये, हे मी स्वानुभवाने सांगते. पहिल्या सहलीत मोठ्या उत्साहाने दोन घेतले आणि कापून नको, तसेच द्या, अशी खूण केली. बाईने भुवया उंचावल्या, पण पातळ प्लास्टिकच्या पिशवीत थोडे पाणी घालून दिले. टुकटुक पहिल्या वळणावर पोचते न पोचते तोच पिशवीला भोके पडून पाणी माझ्या मांडीवर आले. मांगुराच्या कल्ल्यामागच्या परांना करवतीसारखा काटा असतो, त्यात सौम्य विषही असते, आणि तो टोचला की बोट तास-दोन तास ठणकते. एक मासा पायदानावर पडला, मी त्याला धरायला गेले आणि जे व्हायचे ते झाले. चालकाने गाडी बाजूला घेतली, आपला क्रामा माशावर टाकून अलगद उचलला आणि वाटेतल्या एका भाजीवालीकडून मागून आणलेल्या बादलीत ठेवला. तेव्हापासून मी आधी मारून, साफ करून आणि तुकडे करूनच घेते. त्यासाठी सुरी चालवण्याची खूण पुरते, आणि त्याचे वेगळे पैसे माझ्याकडे कोणी मागितले नाहीत.

वासाने जी ओळ दुरूनच ओळखू येते, ती प्राहोकची. ‘त्रेय रीएल’ नावाच्या लहान माशाची डोकी काढून, तो तुडवून, उन्हात वाळवून आणि मिठात मुरवून प्राहोक करतात. काही आठवड्यांत खाण्याजोगा होतो, चांगला मात्र वर्ष-दोन वर्षे मुरवलेला. हंगामात दूरदूरच्या खेड्यांतली कुटुंबे भाताची पोती घेऊन नदीकाठी येतात आणि वर्षाचा प्राहोक घालून परत जातात. चलनाला ‘रीएल’ हे नाव या माशावरूनच पडले, असे तिथले लोक सांगतात. स्पॅनिश नाण्याचे नाव त्यामागे असावे, असेही मत आहे. पावसाळ्याच्या बेगमीला अलिबागहून सोडे आणि सुके बोंबील मागवणाऱ्या घरात वाढलेल्या मला तो वास परका वाटला नाही, फक्त दसपट वाटला. नाकाला रुमाल लावून त्या ओळीतून जाऊ नये. कोणी आपल्या सोड्यांच्या डब्याकडे पाहून तसे केले तर आपल्याला कसे वाटेल? नाहीच सोसले तर वाट बदलावी. चव घ्यायची तर शिजवलेलीच घ्यावी. ‘प्राहोक क्तीस’ हा नारळाच्या दुधात परतलेला प्रकार कच्च्या भाज्यांबरोबर देतात आणि तो नवख्यालाही आवडतो. कच्चा प्राहोक किंवा अर्धकच्ची गोड्या पाण्यातली मासळी खाणे धोक्याचे आहे, कारण त्या भागातल्या माशांत यकृतात घर करणारी चपटी कृमी असू शकते. पूर्ण शिजवले की ती मरते.

फोटो खरेदीनंतर काढावेत, आणि विचारून: ‘थॉत रूप बान ते?’ मान हलली नाही तर फोन खाली. पहाटे भिक्षूंची रांग बाजारातून जाते. तेव्हा विक्रेत्या सुरी बाजूला ठेवून, हात पुसून भात वाढतात आणि हात जोडून बसतात. त्या वेळी आपणही स्वस्थ उभे राहावे आणि बायकांनी भिक्षूंना स्पर्श होणार नाही इतके अंतर राखावे.

न्याहारी बाजारातच करावी. ‘नोम बान्ह चोक’ म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया. त्यांवर गवती चहा, हळद आणि मासा घालून केलेला हिरवट, पातळ रस्सा असतो, आणि वरून काकडी आणि बारीक चिरलेले केळफूल येते. केळफूल म्हटले की आमच्याकडे भाजीसाठी हाताला तेल लावून तासभर बसावे लागते. तिथली बाई ते डोळ्यांदेखत मूठभर चिरून वाडग्यावर टाकते. बरोबर शाकाहारी मंडळी असतील, तर ‘यात मासा नाही ना’ एवढे विचारून भागत नाही, कारण माशाचे पाणी, म्हणजे ‘तुक त्रेय’, भाजीतही असते. त्यांच्यासाठी ‘क्रालान’ शोधावा: चिकट तांदूळ, काळ्या शेंगांचे दाणे आणि नारळाचे दूध बांबूच्या नळकांड्यात भरून निखाऱ्यावर भाजलेले. बांबू केळासारखा सोलून खातात. माझ्या पतींचा सकाळचा प्रश्न त्यावर सुटला.

सिएम रीपहून पुढे दक्षिणेला जाणार असाल, तर केप या समुद्रकाठच्या गावातला खेकड्यांचा बाजार चुकवू नये. बायका पाण्यात उतरून वेताच्या पेट्या ओढून आणतात, आपण जिवंत खेकडे निवडायचे, आणि शेजारीच ते हिरव्या मिरीच्या घोसांसह परतून मिळतात. वर सांगितलेला शिजवायचा प्रश्न इथे उद्भवतच नाही.

उरलेला दिवस मोकळा असेल, तर दुपारी अंगकोरच्या बायोन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीवरची शिल्पे पाहावीत. सातवा जयवर्मन या ख्मेर राजाच्या काळातल्या त्या कोरीवकामात नावांखालून पोहणारे मासे आहेत, तराजू धरलेली माणसे आहेत, मालाशी बसलेल्या बायका आहेत. सकाळी बाजार करून आलेल्याला त्या भिंतीपाशी मार्गदर्शकाची फारशी गरज भासत नाही.

परतताना ताजी, सुकी किंवा मुरवलेली मासळी सामानात घालू नये. भारतात मासळी आणण्यावर निर्बंध आहेत, आणि प्राहोकची बरणी पेटीत फुटली तर पेटी टाकूनच द्यावी लागेल. बाजारातले सँडल धुऊन, वाळवून वेगळ्या पिशवीत ठेवावेत. आणण्याजोगी वस्तू म्हणजे केपजवळच्या कांपोत प्रांतातली मिरी. तिला २०१० साली त्या देशात भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि बंद पाकिटातली घेतली तर वासही फुटत नाही. आमच्या घरी ती मी कोलंबीच्या कालवणात घातली आणि पतींनी टोमॅटोच्या सारात, आणि अर्धा किलोची पुडी होळीच्या आत संपली.